वाळलेल्या डोंगरावरची मेणबत्ती

ओकानागनहून परत येऊन तीन आठवडे झाले. चर्चच्या पार्किंगमध्ये, कामावर, फोनवर, जो भेटतो तो विचारतो, "कशी झाली ट्रिप?" मी "छान" म्हणतो आणि विषय बदलतो. पण आपल्यातली बरीच मंडळी पुढच्या उन्हाळ्यात तिकडे जायचं म्हणताहेत. म्हणून जे झालं ते आहे तसं लिहायला बसलो आहे. "छान" हे उत्तर अर्धंच खरं आहे.

एकोणीस वर्षं मी ऑन्टारिओत, केंब्रिजला राहतो. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीत आहे, दिवसभर मोजमाप घेणं हेच माझं काम. कॅनडा म्हटलं की माझ्या डोक्यात बर्फ, तो शोव्हलने उपसणं आणि विंटर टायर्स. याच देशात, पश्चिमेला अमेरिकेच्या सीमेला टेकून, निवडुंग उगवणारा आणि विषारी साप बाळगणारा एक पट्टा आहे हे मला ठाऊक नव्हतं. ते शोधून काढलं माझ्या मुलीने, शेरॉनने. ती ग्वेल्फच्या विद्यापीठात शिकते. वसईहून माझी आत्या उन्हाळ्यापुरती आमच्याकडे आली होती. तिला नायगारा दाखवून झाला, लेक ह्युरॉन दाखवून झालं. तेव्हा शेरॉन म्हणाली, "इनफ वॉटर, डॅड. लेट्स टेक हर टु द डेझर्ट."

माझ्या बायकोला सुट्टी मिळाली नाही. निघालो आम्ही तिघं.

आत्याचं नाव फिलोमिना. वय एकोणसत्तर. लग्न केलं नाही. आयुष्यभर वाडी सांभाळली, मोगरा, केळी, अळू. अजूनही पहाटे उठून फुलं खुडते. तेव्हा चालण्याची काळजी तिची नव्हती, माझी होती. माझं वजन बारा किलो जास्त आहे.

पीचची बाग

केलोनाच्या विमानतळावर गाडी भाड्याने घेतली आणि दक्षिणेकडे निघालो. एका बाजूला लांबच लांब तळं, दुसऱ्या बाजूला द्राक्षं, पीच, आलुबुखार. आणि त्यांच्या डोक्यावर उघडेबोडके, मातकट पिवळे डोंगर. मला पहिला धक्का बसला तो रेघेचा. हिरवं हळूहळू कमी होत नाही. बागेचं शेवटचं झाड जिथे उभं आहे तिथे हिरवं संपतं आणि पुढच्या पावलावर वाळलेलं गवत सुरू होतं. ठिबकचा पाइप जिथवर पोचतो तिथवर कॅनडा, पुढे राजस्थान.

गाडीतला आकडा अडतीस अंश दाखवत होता. आत्याने काच खाली केली, गरम झोत तोंडावर घेतला आणि काच वर केली.

"विल्सन, खरं सांग. हे कॅनडाच ना रे? का मला कच्छला आणलंस?"

आमची राहायची सोय एका पंजाबी बाईंच्या घराच्या बेसमेंटमध्ये होती. त्या भागात बागा करणारे पंजाबी पुष्कळ. या गुरमीतजी साठीच्या, उंच, हातात कायम झाडं छाटायची कात्री. नवरा दोन वर्षांपूर्वी गेला. त्यांची बाग थेट डोंगराच्या पायथ्याशी, तारेच्या कुंपणापलीकडे वाळकं गवत. आम्ही फाटकातून आत आलो तेव्हा नमस्काराच्या आधी त्यांनी मला विचारलं, "सिगरेट पीते हो?"

"नाही."

"बार्बेक्यू लाए हो? कैंडल, अगरबत्ती, कुछ?"

"नाही, नाही."

"गाड़ी घास पे मत लगाना. साइलेंसर गरम होता है. एक चिंगारी नहीं चाहिए, भाईसाब. एक भी नहीं."

समोरच्या डोंगराकडे त्यांनी कात्री रोखली. त्याची एक बाजू काळी होती, झाडांचे नुसते खांब उभे होते. मी ती सावली समजलो होतो. नवरा गेला त्याच उन्हाळ्यात तो डोंगर पेटला. पोलिसांनी दार वाजवून दहा मिनिटांत बाहेर काढलं. अकरा दिवस गुरमीतजी दुसऱ्या गावातल्या शाळेच्या हॉलमध्ये कॅम्पकॉटवर झोपल्या. घर आहे की गेलं हे कोणी सांगू शकत नव्हतं. घर राहिलं. बागेच्या वरच्या दोन रांगा गेल्या. "ये पेड़ सरदारजी के हाथ के हैं," त्या म्हणाल्या. "अब दोबारा लगाने की मेरी उमर नहीं."

मी हे सगळं ऐकत होतो तेव्हा आत्या गाडीतून उतरून थेट वॉशरूममध्ये गेली होती. तिला नंतर सांगावं असं माझ्या मनात आलं नाही. ती सिगारेट ओढत नाही, गाडी चालवत नाही.

संध्याकाळी गुरमीतजींनी वर जेवायला बोलावलं. डाळ, फुलके आणि कच्च्या पीचचं लोणचं. कच्च्या पीचचं लोणचं होतं हे मला नवीन. आत्याने चाखलं, डोळे मिटले.

"मेथी कमी है," तिने निकाल दिला.

"हमारे में इतनी ही डालते हैं."

"हमारे में तो बोटं चाटते हैं," आत्या म्हणाली, आणि दोघी हसल्या. एकमेकींची भाषा अर्धीच कळत होती, पण फोडी किती दिवस उन्हात ठेवायच्या यावर दोघी तासभर बोलल्या.

खाणगावची वाट

सकाळी सहाला निघालो. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी या डोंगरात सोनं सापडलं होतं. हॉटेलं, दुकानं, तुरुंग असलेलं अख्खं गाव वर वसलं, आणि सोनं संपल्यावर उठून गेलं. त्याच्या अवशेषांपर्यंत साडेचार किलोमीटरची पायवाट आहे. उन्हाचा हिशेब करून मी माणशी तीन लिटर पाणी घेतलं होतं. शेरॉन हसली, "डॅड, इट्स अ हाइक, नॉट अ सीज." पण पाठीवर बाटल्या तिने निमूट घेतल्या.

वाटेच्या सुरुवातीला पाटी होती. शेकोटीचं चित्र आणि त्यावर लाल काट. त्याखाली, आग दिसली तर फोन करायचा नंबर. सवयीप्रमाणे मी पाटीचा फोटो काढला.

ज्यांनी असा डोंगर पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपल्याकडचा डोंगर उन्हाळ्यात वाळला तरी ओढ्याकाठी, खडकाच्या आडोशाला काहीतरी ओलं सापडतं. इथे नाही. कमरेएवढी राखाडी झुडपं, सेजब्रश म्हणतात. पान चुरगळलं तर ओवा आणि कडुनिंब एकत्र कुटल्यासारखा वास येतो, बोटं तेलकट होतात. मध्ये पांढरं पडलेलं गवत, पावलाखाली पापडासारखं मोडतं. आणि जमिनीसरपट निवडुंग, लिंबाएवढ्या गोळ्यांचा. तो बुटाला चिकटला की गोळाच तुटून सोबत येतो. आत्याच्या बुटाला तीन चिकटले. मी चिमट्याने काढत होतो तर ती म्हणाली, "राहू दे, वसईला नेते. कुंपणाला बरा."

पहिल्या तासातच अस्वलाची विष्ठा दिसली, चेरीच्या बियांनी गच्च भरलेली. शेरॉनने वाकून पाहिलं आणि आनंदाने जाहीर केलं, "फ्रेश!" या शब्दाला आनंदाने घेण्याची ती वेळ नव्हती असं माझं मत.

मग साप. शेरॉन पुढे होती. ती एकदम थांबली, हात मागे केला.

"डॅड. डोंट मूव्ह."

मला आधी दिसलं काहीच नाही, ऐकू आलं. शिरीषाच्या वाळक्या शेंगा वाऱ्यावर वाजतात तसा आवाज, पण वारा नव्हता. वाटेच्या कडेला, मातीच्याच रंगाचं वेटोळं, शेपटीचं टोक उभं आणि थरथरतं. चार पावलांवर. आत्याने क्रुसाची खूण केली आणि गावच्या माणसाशी बोलावं तशी त्याच्याशी बोलली, "जा रे बाबा, तू तुझ्या वाटेने, आम्ही आमच्या." तो आवाज थांबला. वेटोळं सुटलं आणि झुडपाखाली ओघळून गेलं.

"आत्या, यू आर अ लेजंड," शेरॉन म्हणाली.

"घाबरलेला होता बिचारा," आत्या म्हणाली. माझा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता, त्याबद्दल कोणी काही म्हणालं नाही.

गाव लागलं तेव्हा नऊ वाजत आले होते. गाव म्हणजे काय, तर दगडी पाया. एका कारखान्याची भिंत, तिथे सोन्याचा दगड कुटायचे. गंजलेला बॉयलर, बैलाएवढा, आडवा पडलेला. एक लाकडी घर अर्धं उभं. मी वसई किल्ल्याच्या सावलीत वाढलो. आपल्याकडे अवशेष म्हणजे ओल. भिंतीतून वड निघतो, मुळं दगड गिळतात, दहा पावसाळ्यांत लाकडाचा भुगा होतो. इथे शंभर वर्षांपूर्वीची फळी मी नखाने दाबून पाहिली, नख उमटलं नाही. खिळा अजून घट्ट. काही कुजलंच नाही. सगळं वाळून, जसंच्या तसं थांबलेलं. माणसं तेवढी नाहीत. इतक्या माणसांनी भरलेली जागा अशी स्वच्छ पुसली जाते याचा मला वाटलं त्याहून मोठा धक्का बसला. मी भिंतीची जाडी वितीने मोजत उभा राहिलो, कारण दुसरं काय करावं ते सुचेना.

वरच्या कड्यावर डोंगरी मेंढे होते, सहा. वळलेली शिंगं, दगडासारखे निश्चल. शेरॉन दुर्बीण घेऊन त्यांच्याकडे सरकली.

आणि आत्याला कबरस्तान सापडलं.

कबरस्तान

गावाच्या खालच्या अंगाला पाच-सहा कबरी होत्या, भोवती लाकडी पट्ट्यांचं मोडकं कुंपण. दोन दगडांवर नावं वाचता येत होती. बाकीच्या कबरी म्हणजे नुसते ढिगारे. एक दगड हातभर लांबीचा होता. त्यावर वय महिन्यांत लिहिलं होतं.

आत्या त्या लहान दगडाशी बसली. आजूबाजूचं गवत उपटायला लागली. "कोणी येत नाही वाटतं यांच्याकडे," ती म्हणाली. मी म्हटलं, येणारे तरी कुठे राहिलेत. "मी जरा रोझरीची माळ करते, तू जा," ती म्हणाली. मी परत माझ्या भिंतीकडे गेलो. वीसेक मिनिटांनी ती कपाळाचा घाम पुसत आली आणि आम्ही तिघं वरच्या खाणीच्या तोंडाकडे निघालो. चढ अर्धा किलोमीटर, पण उभा.

खाणीच्या तोंडाला लोखंडी जाळी लावली आहे. आतून फ्रिज उघडल्यासारखी गार हवा येते. तिथे सावलीत बसून आम्ही गुरमीतजींनी दिलेले आलूपराठे सोडले. शेरॉन मेंढ्यांचे फोटो दाखवत होती. आत्या पाय पसरून, समाधानाने दरीकडे पाहत होती.

"त्या बाळाच्या दगडावर उजेड किती बरा दिसत होता," ती म्हणाली.

"कसला उजेड?"

"मेणबत्तीचा रे."

माझ्या तोंडात घास होता. तो चावायचा की गिळायचा हे मला कळेना.

"आत्या, विझवलीस ना?"

"कबरीवरची मेणबत्ती कोणी विझवतं का?"

आता हे वाचणाऱ्यांत आपली वसईची माणसं आहेत, त्यांना समजेल. इतरांसाठी सांगतो. नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी आमच्याकडे अख्खं कबरस्तान उजळतं. प्रत्येक घर आपापल्या कबरी धुतं, फुलं घालतं, मेणबत्त्या लावतं. आणि मधल्या मोठ्या क्रुसाखाली प्रत्येक जण एक जास्तीची मेणबत्ती लावतो. ज्यांचं मागे कोणी नाही त्यांच्यासाठी. शेकडो जळतात. जमीन ओली, हवा ओली. मेणबत्ती विझली ही तक्रार आमच्याकडे असते. ती पसरली असं मी आजवर ऐकलेलं नव्हतं. आशीर्वाद दिलेली मेणबत्ती आत्याच्या पर्समध्ये नेहमी असते. काडेपेटी तिने बेसमेंटच्या किचनच्या ड्रॉवरमधून घेतली होती.

"आत्या, पाटी नाही पाहिलीस?" मी विचारलं.

"पाहिली ना. शेकोटीची पाटी. मी शेकोटी केली का?"

शेरॉन तोवर उठून पळाली होती.

आग

उतारावर मी दोनदा पडलो. गुडघा फुटला ते रात्री कळलं. वरून धूर दिसला नाही, म्हणून मला वाटलं, विझली असेल. जवळ गेल्यावर समजलं की लख्ख उन्हात ज्वाळा दिसतच नाही. दिसते ती नुसती हलणारी हवा, आणि ऐकू येतो तेलात मोहरी पडल्यासारखा आवाज. तापलेल्या दगडावर मेणबत्ती मऊ होऊन वाकली होती आणि बाजूच्या गवतात आडवी झाली होती. जमिनीवर आमच्या गॅरेजएवढा काळा डाग पडला होता. त्याची कड बारीक लाल होती आणि ती कड चालत होती. मुंग्यांची रांग चालावी तशी, घाई न करता.

मग ती एका सेजब्रशच्या बुंध्याला लागली. ते झुडूप पेटलं, असं नाही म्हणता येत. ते एका क्षणी होतं आणि दुसऱ्या क्षणी माझ्या उंचीची आग होती. त्याचा आवाज झाला. शेरॉन किंचाळली. आयुष्यात पहिल्यांदा मला समजलं की गुरमीतजी एका चिंगारीबद्दल का बोलत होत्या.

आम्ही पाणी ओतलं. प्यायचं सगळं पाणी. मी मोजून आणलेलं पाणी शेरॉन बाटलीमागून बाटली त्या लाल कडेवर शिंपडत होती, आणि मी शर्ट काढून, भिजवून झोडपत होतो. कुंपणाची एक पट्टी पेटली, ती तिने लाथेने तोडून काळ्या भागात ढकलली. पायांनी माती लोटली. वारा नव्हता. एवढ्या एका गोष्टीमुळे मी हे लिहितो आहे. वारा असता तर दुसऱ्या कोणीतरी लिहिलं असतं.

कड थांबली. धूर थांबला. आम्ही दोघं खाली बसलो. शेरॉनच्या भुवया अर्ध्या जळल्या होत्या.

वर पाहिलं तर आत्या एकटीच, काठीच्या आधाराने उतरत येत होती. ती कुंपणाशी आली, तिने काळ्या जमिनीकडे पाहिलं. तिच्या बाटलीत अर्धा लिटर उरलं होतं. ते तिने पुढे केलं. "ओता," म्हणाली. शेरॉनने बाटली तिच्या हातात परत दाबली. "नो. यू ड्रिंक. प्लीज, आत्या."

मी फोन काढला. पाटीचा फोटो उघडला.

"डॅड, काय करतोस?"

"कळवतो."

"इट्स आउट! इट्स लिटरली आउट. डॅड, शी इज ऑन अ व्हिजिटर व्हिसा!"

त्या एका वाक्यावर मी थांबलो हे खरं आहे. आग दिसत नव्हती. साक्षीदार सहा मेंढे. खाली दरीत गुरमीतजींच्या घराचं हिरवं पत्र्याचं छप्पर दिसत होतं आणि त्याच्यामागे पीचच्या रांगा, पट्टीने आखल्यासारख्या. वरच्या दोन रांगांची जागा रिकामी. आग विझली आहे असं माझ्या डोळ्यांना वाटत होतं. माझ्या कामात डोळ्यांना वाटणं याला मोजमाप म्हणत नाहीत. मी नंबर लावला.

पाऊण तासात जुन्या खाणीच्या रस्त्याने ट्रक आला. तिघं जण, लाल शर्ट, पाठीवर पाण्याचे पंप. त्यांची प्रमुख शेरॉनपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठी असेल. आधी तिने आम्हाला पाणी दिलं. मग हातमोजा काढला, गुडघ्यावर बसली आणि उघड्या हाताने राख चाचपायला लागली. वीतवीत पुढे सरकत. मला वाटलं होतं काही यंत्र असेल.

"नथिंग बीट्स स्किन," ती म्हणाली.

जळालेल्या सेजब्रशच्या बुंध्याशी तिने हात झटकन उचलला. सहकाऱ्याने तिथे कुदळ मारली. जमिनीच्या आत, मुळाच्या पोकळीत, शेगडीतल्यासारखा लालभडक निखारा होता. वर राख थंड, खाली हे. त्यांनी तीन मुळं खणली. तिन्हीत निखारा.

"चारच्या सुमारास दरीतून वारा वर चढतो," ती म्हणाली. "रोज." एवढंच. घड्याळात साडेअकरा झाले होते.

मग तिने वही काढली. "सो. हू लिट इट?"

मी छातीवर हात ठेवला. "मी."

आत्याला इंग्रजी फार येत नाही. पण माझा हात कुठे गेला ते तिने पाहिलं. ती मध्ये येऊन उभी राहिली. "नो. ही लाय. मी. मी कँडल." आणि त्या लहान दगडाकडे बोट दाखवलं. "बेबी. नोबडी कम."

त्या फायरवाल्या मुलीने दगडाकडे पाहिलं. मग तिने पावती लिहिली. दंड झाला, तो योग्यच होता, आणि मी तो भरला. पावती देताना ती मला म्हणाली, "तुम्ही फोन केला नसता तर आपली भेट वेगळी झाली असती."

फाटक

ट्रकने आम्हाला खाली सोडलं. फाटकाशी गुरमीतजींची गाडी उभी होती, तोंड रस्त्याकडे, इंजिन चालू. मागच्या सीटवर बॅगा, कागदांची पेटी, उशीत गुंडाळलेला सरदारजींचा फोटो. घराच्या छपरावरचे स्प्रिंकलर फिरत होते, भिंतींवरून पाणी निथळत होतं. त्या स्वतः फाटकाला धरून उभ्या होत्या. डोंगरावरचा धूर त्यांनी माझ्याआधी पाहिला होता. माझ्या फोनवर त्यांचे नऊ कॉल येऊन गेले होते. मी ते पाहिलेच नव्हते.

"आप निकले क्यों नहीं?" मी विचारलं.

"तुम लोग ऊपर थे," त्या म्हणाल्या. मी वेड्यासारखं काही विचारलं असावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बुज़ुर्ग साथ में थी. कैसे निकलती?"

त्यानंतर मला सांगावं लागलं. मी सगळं सांगितलं, मेणबत्तीपासून काडेपेटीपर्यंत. त्या ऐकत राहिल्या. मग गाडीत वाकून किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं. त्यांनी फोटो उचलला, छातीशी धरला आणि घरात गेल्या. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

त्या संध्याकाळी वरून जेवायला हाक आली नाही. आत्या बेसमेंटमध्ये खाटेवर ताठ बसून होती. जेवली नाही. मी म्हटलं, "आत्या, तुला माहीत नव्हतं." ती म्हणाली, "बाई गाडीत बसली नाही रे, विल्सन. माझ्यासाठी बसली नाही." शेरॉन तिच्या शेजारी तिचा हात धरून बसली होती.

पुन्हा वर

पहाटे पाचला दार वाजलं. गुरमीतजी. पायात बूट, दोन्ही हातांत पाण्याचे कॅन.

"चलो. मुझे दिखाओ."

मी म्हणालो, फायरवाल्यांनी सगळं तपासलं आहे, संध्याकाळी पुन्हा येऊनही गेले. त्या म्हणाल्या, "उन्होंने देखा. मैंने नहीं देखा."

आत्या आधीच उठून बूट घालत होती. आम्ही चौघं चढलो. गाडीने जाता येत होतं, पण ते कोणी सुचवलं नाही. मी कॅन घ्यायला हात पुढे केला, गुरमीतजींनी दिला नाही. उजाडताना लावे झुडपांतून ओरडत होते, एक हरिणी पिल्लाला घेऊन वाट ओलांडून गेली. आदल्या दिवशी मी फोटो काढला असता.

दिवसाच्या पहिल्या उजेडात तो काळा डाग होता त्याहून मोठा दिसला. गुरमीतजी कुंपणाशी थांबल्या. तिथून खाली पाहिलं. त्यांचं छप्पर, त्यांच्या रांगा. तीस वर्षं त्या खालून हा डोंगर पाहत आल्या होत्या. इथवर कधी चढल्या नव्हत्या, हे मला नंतर कळलं.

"तेरा कौन था यहाँ?" त्यांनी आत्याला विचारलं. पहिल्यांदाच अरेतुरे.

"कोई नहीं," आत्या म्हणाली. "इसका भी कोई नहीं. इसलिए लगाया."

गुरमीतजींनी लहान दगडावरचं लिहिलेलं वाचलं. बराच वेळ वाचलं, दोनच ओळी होत्या. मग त्यांनी कॅन उघडले आणि खणलेल्या मुळांवर, एकेका खड्ड्यात, बागेत झाडाला घालावं तसं सावकाश पाणी ओतलं. वाफ आली नाही. तरी त्या गुडघ्यांवर बसल्या, बाही वर केली आणि राखेत तळहात टेकला. एक खड्डा, दुसरा, तिसरा. प्रत्येक ठिकाणी थांबून. या बाईचा हात झटकन वर आला तर पुढे काय, हे मला ठाऊक नव्हतं.

हात वर आला नाही.

"इधर आ," त्या आत्याला म्हणाल्या. "तू भी रख."

आत्या त्यांच्या शेजारी बसली. गुरमीतजींनी तिचं मनगट धरलं आणि तिचा तळहात ओल्या राखेत दाबला, जोराने, जवळजवळ रागाने, आणि तसाच धरून ठेवला.

"ठंडा है?"

आत्याने मान हलवली.

"मुँह से बोल."

"ठंडा," आत्या म्हणाली. "एकदम ठंडा." आणि आदल्या सकाळपासून जे आलं नव्हतं ते रडू तिला आलं. शेरॉन पुढे सरकली, पण गुरमीतजींनी दुसऱ्या हाताने तिला थांबवलं. आत्याचं मनगट त्यांनी सोडलं नाही. दोघी तशाच बसून राहिल्या, कोपरापर्यंत काळ्या, ऊन अंगावर येईपर्यंत.